मनसरी दमाईचा पळपुटा नवरा

नेपाळच्या डोंगरातल्या खर्कडांडा गावात मनसरी दमाईच्या तोंडाला कुणी लागत नसे. साठीला टेकलेली काटकुळी बाई, पाठीवरच्या टोपलीत हातानं फिरवायचं शिलाई मशीन, ओठात विडी आणि जिभेला हाड नाही. दसैंचा सण महिन्यावर आला की ती घरोघर फिरायची. अंगणाच्या कडेला पोतं टाकून बसायची आणि गावभरचे दौरे-सुरुवाल, चोळ्या, पोरांचे सदरे शिवायची. दमाई म्हणजे शिंप्याची जात, शिवाशिवीची; ओसरीवर पाय ठेवायची तिला मुभा नव्हती. ओसरीवर बसलेले मात्र नखशिखान्त तिनं शिवलेल्या कपड्यांत असत.

"मनसरे, चोळी आवळ झाली गं," एखादी सुभेदारीण म्हणायची.

"चोळी तीच आहे. तू फुगलीस. कापड काय तुझ्याबरोबर भात खातं होय?"

गावातले पेन्शनवाले लाहुरे, म्हणजे गोऱ्यांच्या पलटणीतून परतलेले शिपाई, छातीवर बिल्ले लावून उन्हात बसलेले असत. त्यांच्यासमोरून जाताना तर तिला चेवच यायचा. "हा बघा, सिंगापुरात साहेबाचे बूट पुसून आला आणि इथं आम्हाला लढाया सांगतो. आणि तो दुसरा, बंदुकीच्या आवाजानं त्याला अजून जुलाब होतात." म्हातारे ऐकून न ऐकल्यासारखं करत. कारण एक तर ती म्हणायची ते बरंचसं खरं होतं, आणि दुसरं म्हणजे अर्ध्या शिवलेल्या सुरुवालीची एक तंगडी तिच्याकडे असायची.

पण तिच्या शिव्यांची सुरुवात कुठूनही होवो, शेवट एकाच माणसावर व्हायचा. तिच्या नवऱ्यावर. त्याला ती 'तो पळपुटा' म्हणायची. दूध नासलं, पळपुट्यामुळे. सुई मोडली, त्या पळपुट्याचा हात लागलेला असणार. चाळीस वर्षं एका माणसाला सकाळ-संध्याकाळ शिव्या घालायच्या म्हणजे काही खायचं काम नाही.

तर ती हकीकत अशी. दुसरी मोठी लढाई ऐन भरात होती तेव्हा मनसरी सोळा वर्षांची होती आणि तिचा नवरा एकोणीसचा. डावखुरा. उलट्या हातानं शिवायचा, पण टाका असा की लोक कापड उलटं करून बघायचे. पलटणीत भरती करणारा गल्लावाला गावात आला. त्याला लढाऊ जातीचे गुरुंग हवे होते, मगर हवे होते. दमाई म्हटलं की तो हात झटकायचा. मग आमच्या डोंगरातली पोरं काय करायची, तर दुसऱ्याचं नाव सांगायची. बाप दुसरा, जात दुसरी, नाव दुसरं. गल्लावाल्याला माणसं मोजून द्यायची असत, तो कशाला खोलात जातोय! मनसरीचा नवराही असाच कुणाचं तरी नाव घेऊन गेला. कुणाचं, ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. "फुटलं तर दोघांना बेड्या पडतील," एवढंच म्हणाला.

तीन वर्षं गेली. एक दिवस म्हाताऱ्या मुखियानं मनसरीला अंगणात बोलावलं.

"तुझा नवरा लढाईतून पळाला," तो म्हणाला. "कलकत्त्याला कुणा बाईबरोबर राहतोय म्हणे. बोंबलू नकोस. पलटणवाल्यांना कळलं तर तुला धरून नेतील."

मनसरी एकोणीस वर्षांची होती. ती बोंबलली नाही. घरी येऊन तिनं नवऱ्याची उशी चुलीत घातली आणि दुसऱ्या दिवसापासून शिव्या सुरू केल्या. तिला मागण्या आल्या. धडधाकट होती, शिवणारी होती, का येणार नाहीत? तिनं सगळ्यांना वाटेला लावलं. म्हणायची, "तो येणार. पळून पळून कुठं जाईल? आला की त्याला एकच विचारायचंय. पळालास ते पळालास, मला का नाही नेलंस?"

एवढा एकच प्रश्न घेऊन ती म्हातारी झाली. लोक हसायचे. तीही हसायची, पण अंगणाखालच्या वाटेवर कुणी अनोळखी माणूस दिसला की तिचं मशीन थांबायचं.

लढाई संपून चाळीस वर्षं झाली त्या साली पोखऱ्याहून निरोप आला. एक गोरा साहेब येतोय, पलटणीतला म्हातारा अंमलदार. लढाईच्या वेळी काढलेली फिल्म त्याला विलायतेत कुठल्याशा तळघरात सापडली होती. तीत आपल्या गावचा जवान होता: वीर हर्कजित गुरुंग, पूल राखताना पडलेला. साहेबाला ती फिल्म त्याच्या गावाला आणि त्याच्या विधवेला दाखवायची होती. शिवाय त्या वीराच्या नावानं गावात पाण्याचा नळ येणार होता. आमच्या बायका पाण्याला डोंगर उतरून तासभर खाली जातात. नळ म्हटल्यावर गावाच्या तोंडाला पाणी सुटलं.

आता हे हर्कजित गुरुंग कोण? इथं लपवाछपवी करायला मी काही मुखिया नाही, सरळ सांगून टाकतो. हर्कजित म्हणजे खुद्द आमचा मुखिया. म्हाताऱ्या मुखियाचा मधला पोरगा. जिवंत, धट्टाकट्टा, रोज संध्याकाळी तीन वाट्या रक्सी दारू पचवणारा. आमच्याकडे कागदावरचं नाव कागदावरच राहतं. थोरला तो जेठा, मधला तो माहिला, धाकटा तो कांछा. मुखियाला उभं गाव माहिला मुखिया म्हणे. हर्कजित हे नाव त्याच्या बायकोलासुद्धा पेन्शनच्या कचेरीतच ऐकू यायचं.

हो, पेन्शन. लढाईच्या वेळी दर गावाला पोरं द्यावी लागत. म्हाताऱ्या मुखियानं यादीत आपल्या मधल्या पोराचं नाव घातलं, पोराला डोंगरापलीकडे मामाकडे मेंढ्यांत लपवलं, आणि त्याच्या नावावर शिंप्याचं पोर पाठवून दिलं. ते पोर तिकडे इटली नावाच्या देशात मेलं. मेल्याचा कागद मुखियाच्या घरी आला, कारण मेला तो कागदावर मुखियाचा मुलगा. म्हातारा पक्का बेरकी. जिवंत पोराला त्यानं कागदावर मेलेलाच राहू दिला, पुढे त्याचं लग्न मागच्या तारखेनं नोंदवलं, आणि सुनेला विधवेचं पेन्शन लावून दिलं. ती दरसाल पोखऱ्याला जायची. पुलाअलीकडे बांगड्या उतरवायची, कपाळ पुसायची, कचेरीत डोळ्याला पदर लावायची, आणि परत येताना पूल ओलांडला की पुन्हा नटायची. पूल ओलांडायचा आणि विधवा व्हायचं! मनसरीनं बोंब मारू नये म्हणून तिला पळपुट्याची गोष्ट सांगितली. पाच-सहा म्हाताऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं. ते मूग गिळून बसले. मुखियाची जमीन कसायची आणि मुखियाशी वैर धरायचं, असं कोण करतो?

साहेब येणार म्हटल्यावर मुखियाच्या घरात पळापळ झाली. मेलेला माणूस दारात उभा राहून साहेबाचं स्वागत कसं करणार? मग असं ठरलं की मुखियानं साहेबापुढे मृताचा धाकटा भाऊ व्हायचं. म्हणजे आपल्याच बायकोचा दीर! चार दिवस तो तिला "वहिनी" म्हणायची सवय करत होता.

मनसरीला अंगणात बोलावून चार पांढऱ्या चादरी दिल्या. फिल्म दाखवायला मोठा पडदा शिवायचा होता. तिनं जोड असे घातले की शिवण दिसू नये. शिवता शिवता तिला मुखियाची बायको, मुखियानी, दिसली. कपाळ कोरं, हात मोकळे.

"काय गं, कोण मेलं?"

"कुणी नाही. साहेबांपुढे साधं राहावं म्हटलं."

"नवरा तर आत खोकतोय. तू आधीच तालीम करतेस वाटतं?"

मुखियानी तरातरा आत निघून गेली. मनसरीला गंमत वाटली, पण पत्ता काही लागला नाही. मोठ्यांच्या घरची थेरं, म्हणून तिनं दोरा तोडला.

साहेब आला. उंच, वाकलेला, गुडघ्यांनी त्रासलेला म्हातारा. त्याच्याबरोबर दार्जिलिंगकडचा एक निवृत्त कप्तान होता, पहलमान लिंबू. साहेबाचं बोलणं तो आम्हाला सांगायचा आणि आमचं त्याला. दोन हमालांनी फिल्मचं यंत्र आणि विजेचं इंजिन वाहून आणलं होतं. दिवेलागणीला शाळेच्या मैदानात बांबूंना पडदा बांधला. पुढे खुर्च्या: साहेब, कप्तान, हार घातलेली मुखियानी आणि तिचा 'दीर'. मागे गाव. दमाई, लोहारकाम करणारे कामी, चांभार सार्की यांना पडद्याच्या पलीकडे बसवलं. तिकडूनही दिसतं की, फक्त उलटं दिसतं, असं मुखिया म्हणाला.

"शिवताना पडदा आमचा, बघताना तुमचा," मनसरी तिथूनच ओरडली. तिचा धाकटा दीर कांछा शेजारी सनई घेऊन बसला होता. वाजवायला त्याला बोलावलं होतं. "वहिनी, गप बस," तो म्हणाला. "नळ आपल्या वस्तीतपण देतो म्हणालेत."

इंजिन धडधडलं, आणि पडद्यावर जवान आले. आधी त्यांचा सराव. दोरावरून लोंबकळणारे, चिखलात सरपटणारे, गवताच्या बाहुल्यांना संगिनी भोसकणारे. लोक हसायला लागले. मग धूर झाला, माणसं टेकडीवर धावली, दोघंतिघं पडले. मुखिया पुढे हुंदके देऊ लागला. "दादा! माझा दादा!"

"ही खरी लढाई नाही," कप्तान म्हणाला. "फिल्मसाठी करून दाखवलेली आहे. पडलेले नंतर उठून चहा प्यायले."

मुखियाला त्यानं काही फरक पडला नाही. तो चहा प्यायलेल्यांसाठीसुद्धा रडत होता.

मग चित्र बदललं. एका भिंतीला टेकून चार-पाच जवान बसले होते, आणि त्यांतला एक दुसऱ्याचा फाटका सदरा शिवत होता. मान खाली, दातात दोरा. मनसरी बोलता बोलता थांबली.

"कांछा," ती म्हणाली. "तो बघ."

कांछानं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. मग तो हळूच म्हणाला, "दादा नाही तो. दादा डावखुरा होता. हा उजव्या हातानं शिवतोय."

खरंच, तो माणूस उजव्या हातानं शिवत होता. मनसरीनं एक क्षण पाहिलं. पडदा तिनंच शिवला होता. कुठली बाजू सुलट आणि कुठली उलट, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती उठली आणि पडद्याला वळसा घालून निघाली.

"ए, मनसरे! कुठं चाललीस? शिवशील कुणाला तरी!" गावातलं कुणीतरी ओरडलं.

"सरक मग. अंग चोरून बस की, तुला तर चोरायची सवय आहे."

ती सरळ साहेबाच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. पडद्यावरचा माणूस आता डाव्या हातानं शिवत होता. त्यानं दोरा दातानं तोडला, मान वर केली आणि हसला.

मनसरी तिथंच खाली बसली. फिल्म सरली आणि पडदा पांढरा झाला.

"हा कोण?" तिनं विचारलं.

कप्ताननं डब्यातला कागद उजेडात धरला. म्हाताऱ्या बाईला आमच्याकडे आमा, म्हणजे आई, म्हणतात, तसंच तो म्हणाला. "हेच आमा, वीर हर्कजित गुरुंग. साथीदाराचा सदरा दुरुस्त करताना. यानंतर चार दिवसांनी पूल राखताना मारले गेले."

"मेला?"

"हो आमा. चाळीस वर्षं झाली."

"पळाला नाही?"

"पळाला? आमा, बाकीचे पार होईपर्यंत तो माणूस पुलावरून हलला नाही. असं लिहिलंय इथं. पळाला म्हणून कोण म्हणालं?"

मनसरी वळली. कोऱ्या कपाळाची, हार घातलेली मुखियानी दिसली आणि तिला सगळं जुळलं. मुखिया खुर्चीत चुळबुळत होता. त्याच्या डोळ्यांतलं पाणी एवढ्यात सुकलंसुद्धा होतं.

"कप्तानसाब, लक्ष देऊ नका," तो म्हणाला. "वेडी आहे ती. नवरा सोडून गेला तेव्हापासून असंच करते."

"वेडी?" मनसरी म्हणाली. "चाळीस वर्षं तुझ्या ढुंगणाचं माप घेतेय, तेव्हा नाही वेडी वाटले? तुझ्या बापानं मला अंगणात उभं करून सांगितलं, पळाला म्हणून. कागद तुमच्या घरात आला होता. तुम्ही त्याच्या मढ्यावरचं खाल्लंत, आणि मला त्याला शिव्या घालायला लावल्यात!"

कप्तानही डोंगरातलाच. त्याला काहीतरी शिजतंय याचा वास आला. तो मुखियानीकडे वळला. "दिदी, पडद्यावरचा तो जवान तुमचा नवरा?"

मुखियानीनं हारात तोंड खुपसलं. "हो," ती म्हणाली. तिचा नवरा एक हात अंतरावर बसला होता.

"मुखियाचा मुलगा आणि इतकं छान शिवणकाम?" कप्तान म्हणाला. "मी पन्नास गुरुंग मुखिया पाहिले. सुईत दोरा घालता येणारा एक नाही पाहिला."

त्यानं मग गावाकडे तोंड केलं. "तुमच्यापैकी जे म्हातारे आहेत त्यांना विचारतो. हा माणूस कोण? नाव सांगा."

गाव गप्प. ज्यांना ठाऊक होतं ते खाली बघत होते. ज्यांना आत्ता कळलं ते ठाऊक असलेल्यांकडे बघत होते. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे नळ. लाहुरे, सुभेदार, छातीवरचे बिल्ले, सगळे चिडीचूप! जर्मनाला न भ्यालेली माणसं मुखियाच्या पाच शेतांना भ्याली. मनसरीनं पडद्याकडे बघून हाक मारली, "कांछा! तुझा सख्खा भाऊ आहे. तू तरी सांग."

पडद्याआड कांछा सनई पुसत बसला होता.

"आमा, तुम्हीच सांगा नाव," कप्तान म्हणाला.

आता हे त्यानं विचारायला नको होतं, पण विचारलं. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मनसरीनं चाळीस वर्षांत त्याला कुत्रा म्हटलं, डुक्कर म्हटलं, पळपुटा तर रोजच म्हटलं. पण नाव एकदाही घेतलं नव्हतं. कुठं का असेना, जगावा.

इंजिन धडधडत होतं. मग ती उभी राहिली.

"पदमलाल," ती म्हणाली.

"काय?" इंजिनाच्या आवाजात कप्तानला ऐकू आलं नव्हतं.

"पदमलाल! पदमलाल दमाई! हा माझा नवरा आहे, आणि हर्कजित तो तिथं बसलाय, स्वतःच्या बायकोचा दीर होऊन!"

साहेबानं कप्तानला विचारलं, काय झालं. कप्तान त्याच्या कानाशी बराच वेळ बोलला. साहेबानं चष्मा पुसला, कागद घेतला, पुन्हा पुन्हा वाचला. त्याला बिचाऱ्याला हार घालून, चहा पिऊन परत जायचं होतं. मुखिया उठला. त्याच्यामागे दोन सुभेदार उठले. मागे गावही अंग झाडू लागलं. कार्यक्रम संपला, चला घरी, असं दाखवत.

"बसा!" मनसरी कडाडली. "एकानंही उठायचं नाही. चाळीस वर्षं माझ्या नवऱ्याला पळपुटा म्हणताना ऐकलंत ना? दात काढलेत ना? आता बघून जा त्याला. कप्तान, लाव परत."

कप्ताननं मुखियाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली दाबलं. सुभेदार आपोआप बसले. मग गावही बसलं. एवढ्या शूर लोकांना बसवायला एक शिंपीण पुरली.

फिल्म पुन्हा लागली. सराव, चिखल, धूर. कुणी हसलं नाही. मग ती भिंत आली, आणि तो. मनसरी अगदी जवळ गेली होती. उजेडात तिचीच सावली पडद्यावर पडली, म्हणून ती बाजूला सरली. तो बावीस वर्षांचा होता. मिसरूडसुद्धा नीट फुटलेलं नव्हतं. आता तो तिच्या पोटचा शोभला असता. तो मान खाली घालून शिवत होता, घाईघाईनं, जसं काही कपडा वेळेवर द्यायचा होता. तिला विचारायचं होतं ते विचारायला आता काही उरलं नव्हतं. तो कुठं गेलाच नव्हता.

त्यानं दोरा तोडला, मान वर केली आणि हसला.

मनसरीनं पडद्याला हात लावला. "मी तुला फार बोलले रे," ती म्हणाली. "फार बोलले."